उपग्रह कोणाचाही असो, पुराचे चित्र नदीकाठाला फुकट मिळाले पाहिजे

सांगली, सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव, अंतराळ विभाग, भारत सरकार, तथा अध्यक्ष, इस्रो, बंगळुरू
मा. अध्यक्ष, इन-स्पेस, अहमदाबाद

विषय : पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांच्या खासगी भागीदारीच्या करारात आपत्तीकाळातील माहितीविषयी स्पष्ट कलम असण्याबाबत.

महोदय,

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इन-स्पेसने, म्हणजे खासगी अंतराळ उद्योगाला परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेने, एक घोषणा केली. देशातील पहिला संपूर्ण स्वदेशी व्यापारी पृथ्वी-निरीक्षण उपग्रहसमूह उभारण्यासाठी पिक्सेल या कंपनीच्या नेतृत्वाखाली चार भारतीय कंपन्यांची निवड झाली असून, येत्या पाच वर्षांत त्या बाराशे कोटींहून अधिक रुपये गुंतवून बारा उपग्रह सोडणार आहेत आणि उपग्रहांची मालकी व संचालन त्यांच्याकडेच राहणार आहे. ही बातमी मी दोनदा वाचली. आपल्या तरुण अभियंत्यांवर कोणी एवढा विश्वास टाकतो आहे याचा मला मनापासून आनंद झाला. उपयोगांच्या यादीत शेती, हवामानबदल, सागरी टेहळणी यांच्याबरोबर आपत्ती व्यवस्थापनाचाही उल्लेख होता. मात्र पुराच्या दिवशी ही चित्रे जिल्हा प्रशासनाला, महापालिकेला आणि नदीकाठी राहणाऱ्या माणसाला कोणत्या अटीवर, किती वेळात आणि किती पैशांत मिळणार, याविषयी जाहीर झालेल्या मजकुरात मला एक ओळही सापडली नाही. ती ओळ मागण्यासाठी हे पत्र आहे. ते खासगी पत्र म्हणून पाठवले असते तर एखाद्या फायलीत गेले असते, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. सांगलीच्या गावभागात राहते, म्हणजे कृष्णेच्या काठावरच. आमच्याकडे पावसाळ्यात माणसे एकमेकांना "कसे आहात" असे विचारत नाहीत, "आयर्विनला किती फूट" असे विचारतात. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे इथल्या लहान मुलालाही पाठ असते. २००५ पाहिलेल्या आम्हा लोकांना वाटत होते की त्याहून मोठा पूर आपल्या हयातीत येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली. वीज गेली, मग मोबाईलही बंद पडले. मी आणि माझे यजमान वरच्या मजल्यावर होतो आणि पाणी जिन्याने वर येत होते. आयुष्यभर मुलांना निरीक्षणे नोंदवायला शिकवले, त्यामुळे असेल, मी दर अर्ध्या तासाने पाणी जिथे टेकले असेल तिथे भिंतीवर खडूने रेघ ओढून वेळ लिहीत होते. सातव्या पायरीपर्यंत रेघा झाल्या. पाणी अजून किती चढणार, पलीकडच्या गल्लीतून निघायला वाट आहे की नाही, यातले काहीही त्या रेघा मला सांगू शकत नव्हत्या. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली.

पुढे काही महिन्यांनी एका सरकारी कार्यालयात नुकसानीच्या कागदांसाठी गेले असताना टेबलाच्या काचेखाली एक रंगीत नकाशा दिसला. उपग्रहाच्या रडारने टिपलेला तो पुराचा नकाशा होता. ढगांखालचेही दिसते ते रडारलाच. नदीचे पात्र आणि तिने गिळलेला परिसर निळ्या रंगात दाखवला होता आणि आमचा गावभाग त्या निळ्यात होता. कोपऱ्यातली तारीख मी वाचली. मी भिंतीवर रेघा ओढत होते त्याच दिवसाची ती होती. म्हणजे आम्ही कुठे आहोत आणि पाणी कुठवर आहे हे वरून कोणीतरी पाहिले होते, त्याचा नकाशाही झाला होता आणि तरीही तो आमच्यापर्यंत आला नाही. त्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या हातात तो आला तेव्हा पूर ओसरला होता. परंतु सरकारी उपग्रह, सरकारी संस्था आणि सरकारी कार्यालय एवढीच साखळी असताना हे घडले. आता त्या साखळीत विक्रेता आणि खरेदीदार असे आणखी दोन दुवे येणार आहेत, आणि माझी काळजी तिथून सुरू होते.

मी खासगी क्षेत्राच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या भारतीय खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले आणि मे २०२४ मध्ये अग्निकुल या दुसऱ्या कंपनीने एकाच तुकड्यात थ्रीडी छपाईने घडवलेले इंजिन उडवून दाखवले, तेव्हा मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आवर्जून फोन केले. स्पेसएक्स या अमेरिकी खासगी कंपनीने प्रक्षेपकाचा पहिला टप्पा २०१५ मध्ये परत उतरवला, २०१७ मध्ये असा टप्पा पुन्हा वापरून दाखवला आणि त्याने सगळ्या जगाचा हिशेब बदलला. त्याच कंपनीच्या यानातून या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले. आमच्या गल्लीतल्या मुली त्या दिवशी दूरदर्शनसमोरून हलल्या नाहीत.

पण त्याच उड्डाणाच्या आधी प्रक्षेपकात द्रवरूप ऑक्सिजनची गळती निघाली, आणि तात्पुरती मलमपट्टी न करता ती पूर्ण दुरुस्त व्हावी असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला, हे आपणच नंतर सांगितलेत. हा आग्रह धरता येतो तो चुका केल्यामुळे, त्या तपासल्यामुळे आणि पन्नासेक वर्षांचे ज्ञान घरात असल्यामुळे. ते ज्ञान जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे. खासगी कंपनीला ते खुशाल द्यावे, पण देताना जनतेच्या वाट्याला काय येणार हे कागदावर असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाब माहितीच्या मालकीची आहे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणात एक चांगली तरतूद आहे : इस्रोच्या उपग्रहांची पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची चित्रे सर्वांना मुक्त आणि मोफत, आणि त्याहून बारीक तपशिलाची चित्रे सरकारी यंत्रणांना विनामूल्य. मात्र ही तरतूद सरकारी उपग्रहांपुरती आहे. कंपनीने स्वतःचे पैसे घालून उपग्रह सोडला तर ती त्याची चित्रे विकणारच, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. प्रश्न असा आहे की उद्या बारीक तपशिलाची आणि रोज मिळणारी चित्रे प्रामुख्याने या समूहाकडे असली, आणि सरकारने स्वतःचे तसे उपग्रह सोडणे हळूहळू थांबवले, तर पूर आलेल्या रात्री जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाने आधी दरपत्रक मागवायचे का?

हा प्रश्न मी कल्पनेतून काढलेला नाही. अमेरिकेने १९७२ पासून लँडसॅट नावाचे उपग्रह सोडून पृथ्वीची चित्रे घेतली. १९८४ मध्ये तिथे कायदा करून या चित्रांचा व्यापार खासगी हाती देण्याचे ठरले आणि इओसॅट नावाच्या कंपनीकडे ते काम गेले. एका चित्राची किंमत काहीशे डॉलरवरून चार हजार डॉलरच्या वर गेली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी घेतली, विद्यापीठे आणि गरीब देशांतले संशोधक मागे हटले, आणि काही काळ तर अनेक भूभागांची चित्रे घेतलीच गेली नाहीत, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. पुढच्या अभ्यासकांना त्या वर्षांतली ती जमीन कायमची दिसेनाशी झाली, ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. १९९२ मध्ये दुसरा कायदा करून कार्यक्रम सरकारकडे परत घ्यावा लागला. २००८ मध्ये सगळा संग्रह मोफत खुला केला, तेव्हा त्याचा वापर कित्येक पटींनी वाढला, आणि त्या मोफत चित्रांवर हवामान, विमा, शेती असे नवे धंदे उभे राहिले. म्हणजे माहिती खुली ठेवल्याने खासगी उद्योग मरत नाही, उलट त्याला पाया मिळतो. आपण हा अनुभव पुन्हा आपल्या खर्चाने घेण्याची गरज नाही.

आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर दिवसातून चार वेळा मोबाईलवर इन्सॅटचे ढगांचे चित्र उघडून बघतात. ढग आले तर दावण्या या बुरशीजन्य रोगावरची फवारणी आज घ्यायची की उद्या, हे त्यावर ठरते आणि त्यावर एकराचा हजारो रुपयांचा खर्च हलतो. ते चित्र आजवर कोणी त्यांना विकलेले नाही. त्याच गावात काही जण खासगी हवामान सेवेचे पैसेही भरतात, कारण ती त्यांच्या बागेपुरता सल्ला देते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. मला हीच व्यवस्था उपग्रहचित्रांच्या बाबतीत हवी आहे.

दुसरी बाब अपयशाची. १८ मे २०२५ रोजी इस्रोचे पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट तिसऱ्या टप्प्यात बिघडले आणि ईओएस-०९ उपग्रह गेला. तो रडार उपग्रह होता, ढगांआडून पाहणारा, म्हणजे आमच्यासारख्या पुराच्या गावांसाठी डोळ्यासारखा. अपयशाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की त्याच्या चौकशीचा अहवाल आजपर्यंत जनतेसमोर आलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० फसले तेव्हा टाकीतला दाब का टिकला नाही, कोणत्या झडपेत गळती झाली, हे इस्रोने जाहीर केले होते. त्यातली कारणे मी वर्गात फळ्यावर काढून मुलांना समजावली आहेत. तीच पद्धत आता का सोडली? पीएसएलव्ही उद्योगांच्या हाती देण्याचे काम चालू आहे. एचएएल आणि एल अँड टी यांच्याकडे पाच प्रक्षेपकांचे काम २०२२ मध्येच गेले आहे. सरकारी संस्थाच अहवाल झाकू लागली, तर उद्या खासगी कंपनीकडून तो कोणत्या तोंडाने मागणार?

तिसरी बाब जबाबदारीची. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराप्रमाणे देशातल्या खासगी कंपनीने अंतराळात जे केले त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाच्या सरकारवर येते, आणि १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झाल्यास भरपाईही सरकारने द्यायची असते. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ उपग्रह १९७८ मध्ये कॅनडावर कोसळला, त्याची भरपाई सरकारने सरकारला दिली. आपल्याकडे हे दूरचे वाटायला नको. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून माणसापेक्षाही रुंद असे धातूचे कडे येऊन पडले, आसपासच्या भागात धातूचे गोळे सापडले. ते चिनी प्रक्षेपकाचे अवशेष असावेत असे तज्ज्ञांनी सांगितले. सुदैवाने कोणी दगावले नाही. अंतराळ व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा आपल्याकडे २०१७ मध्ये जाहीर झाला, आठ वर्षे झाली, कायदा अजून नाही. धोरण आहे, परवाने दिले जात आहेत, २०२४ पासून उपग्रहांच्या उद्योगात ७४ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक सरकारी मंजुरीशिवाय येऊ शकते. ज्या विम्यावर आणि दायित्वाच्या मर्यादेवर हे सगळे उभे राहायला हवे तो कायदाच नाही. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यातल्या २००५ च्या कराराचे काय झाले हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तो २०११ मध्ये रद्द झाला, आणि त्याचे खटले देशाला वर्षानुवर्षे देशोदेशींच्या न्यायालयांत लढावे लागले. करार वेळीच सर्वांसमोर असता तर त्यातले प्रश्न लोकांनी आधी विचारले असते, असे मला वाटते.

चौथी बाब लहान आहे, पण ती माझ्या घरी चालत आली. माझा एक विद्यार्थी कुपवाड एमआयडीसीत तीन मशीनचे वर्कशॉप चालवतो. त्याला उपग्रहाच्या सांगाड्यात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे जॉबवर्क मिळाले. पहिला नग पास झाला तेव्हा तो मला दाखवायला घेऊन आला. तळहातावर मावेल एवढा, वजन वाचवण्यासाठी आतून कोरत नेलेला, आणि कडेची भिंत पोस्टकार्डापेक्षा थोडीशीच जाड. "बाई, हा वर जाणार," एवढेच तो म्हणाला. पुढे त्याचे बिल नऊ महिने अडकले, कारण काम देणाऱ्या कंपनीचा गुंतवणूकदारांकडून यायचा पैसा आला नव्हता. त्या काळात त्याने दोन कारागीर कमी केले. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. पण कुपवाडच्या वर्कशॉपवाल्याने पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडून तक्रार करायची, ही अपेक्षा व्यवहारात चालत नाही. नव्या कंपन्यांसाठी केंद्राने एक हजार कोटींचा निधी मंजूर केला आहे. त्यातून पैसे घेणाऱ्या कंपनीने आपल्या पुरवठादारांची बिले वेळेवर दिली की नाही, हे पाहणे अवघड नाही.

एक आठवण इथे सांगावीशी वाटते. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे हरवला, तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतींवरचा पुराचा चिखल नुकताच धुऊन झाला होता. सकाळी वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, आता परत कोण पाठवणार?" मी म्हणाले, आपणच. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले तेव्हा ती मुलगी अभियांत्रिकीला होती आणि तिने मला फोन करून माझे ते उत्तर आठवून दिले. जानेवारी २०२३ मध्ये एक प्रक्षेपण फसल्यावर व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी काही महिन्यांत दिवाळखोरीत गेली. तिच्या अभियंत्यांना दुसरी संधी मिळाली नाही. नुकसान सोसून पुन्हा उभे राहण्याची ही ताकद सरकारी कार्यक्रमात आहे, म्हणून विज्ञानाच्या मोहिमा आणि आपत्तीवर नजर ठेवणारे उपग्रह तरी बाजाराच्या भरवशावर सोडू नयेत. या ३० जुलैला सुटलेला निसार हा नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह दर बारा दिवसांनी जवळजवळ सगळी जमीन तपासणार आहे आणि त्याची माहिती सर्वांना खुली राहणार आहे. असे आणखी उपग्रह हवेत, कमी नकोत.

आता मागण्या.

या उपग्रहसमूहाशी होणाऱ्या करारात असे कलम असावे की राज्य किंवा जिल्हा प्रशासनाने आपत्ती जाहीर केल्यापासून ती संपेपर्यंत त्या भागाची सर्व चित्रे प्रशासनाला ताबडतोब आणि विनामूल्य दिली जातील, आणि पुराच्या पाण्याचा नकाशा त्याच दिवशी जनतेसाठी खुला होईल. हे अवास्तव नाही. मोठ्या आपत्तींसाठी उपग्रहचित्रे मोफत देण्याच्या आंतरराष्ट्रीय सनदेत इस्रो २००१ पासून सहभागी आहे आणि परदेशी खासगी कंपन्याही तिच्यामार्फत चित्रे देत आल्या आहेत. परक्या देशातल्या पुरासाठी जे आपण करतो ते सांगलीसाठी करारात लिहून घ्यायला कोणाची हरकत असू नये. हा करार, त्यातली व्यापारी गुपिते वगळून, संकेतस्थळावर जाहीर करावा.

पीएसएलव्ही-सी६१ च्या चौकशीचा अहवाल, संरक्षणाशी संबंधित भाग वगळून, प्रसिद्ध करावा, आणि खासगी प्रक्षेपणांच्या परवान्यातही अपयशाचा अहवाल जाहीर करण्याची अट घालावी.

अंतराळ व्यवहारांचे विधेयक विमा आणि दायित्वाच्या स्पष्ट तरतुदींसह संसदेत मांडावे. यासाठी सातारा आणि सांगलीच्या खासदारांनीही प्रश्न विचारावा, अशी त्यांना या पत्राद्वारे विनंती आहे.

सरकारी निधी किंवा इस्रोच्या सुविधा वापरणाऱ्या कंपन्यांनी लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत दिल्याचा तपशील दरवर्षी द्यावा.

पहिल्या मागणीचे उत्तर मला पुढच्या जूनच्या आत हवे आहे. जुलैमध्ये कोयनेतून पाणी सोडायला सुरुवात झाली की आम्ही पुन्हा आयर्विनची पातळी विचारू लागू. पत्राने उत्तर दिले नाही तरी चालेल. ते कलम असलेला करार संकेतस्थळावर दिसला, तर मी तो छापून गावभागातल्या फलकावर स्वतः लावीन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
गावभाग, सांगली